चूक कबूल नाही

"बिल्ला शे का?"

बिल्ला आहे का, असं अहिराणीत विचारायचं आणि चर्चच्या दाराच्या चौकटीवर नखाने दोनदा टकटक करायचं. जुन्या एसटीतून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना हा आवाज लगेच कळेल. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा कंडक्टर दांडीवर असाच वाजवायचा आणि झोपलेली माणसं खडबडून खिसे चाचपायला लागायची. निवृत्त होताना या माणसाला चिमटा डेपोत जमा करावा लागला. खोड तेवढी जमा करायची राहिली, ती त्याने आमच्या चर्चमध्ये आणली.

आमच्या धुळ्याच्या गल्लीतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं आता वर्धापनाचं मोठं वर्ष आलंय. स्मरणिका निघणार आहे. मी जळगावला शाळेत मराठी शिकवते, म्हणून 'मंडळीचा इतिहास' माझ्या गळ्यात पडला. समितीचे चिटणीस फोनवर म्हणाले, "ताई, दोनच पानं. पण जरा गोड लिहा."

गोड! असले गोड इतिहास तुम्हीही वाचले असतील, मग धर्म कुठलाही असो. पहिला मिशनरी साहेब घोड्यावरून येतो, तापाने फणफणतो, पण डगमगत नाही. मग पायाचा दगड, मग घंटा, मग पाळकांचे, म्हणजे पास्टर लोकांचे, ओळीने फोटो, सगळ्यांच्या चेहऱ्यावर बूट चावत असल्यासारखा भाव. शेवटी 'अनेक ज्ञात-अज्ञात हातांनी' असं म्हणून उरलेल्या सगळ्यांना एका पोत्यात भरायचं आणि तोंड शिवायचं. झाला इतिहास. मला विचाराल तर आमच्या चर्चला इतिहास एकच, आणि तो वीस वर्षं दारात स्टूल टाकून बसला होता.

गल्ली त्याला कंडक्टर नाना म्हणायची. मूळचा पिंपळनेरचा, सगळी नोकरी त्याने धुळे-पिंपळनेर गाडीवर काढली. उंच, हाडकुळा, खाकी पँट आणि वर पांढरा सदरा. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर लोकांना 'पुढे सरका' सांगितलेलं, त्यामुळे कुणाच्या घरी गेला तरी दोन माणसं एकत्र उभी दिसली की हा हाताने त्यांना वेगळं करायचा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायची. कागदावर कशाला करू?

आमच्या पंथात बिशप नसतो. मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, आपल्यातूनच 'वडील' निवडतात आणि हे वडील पाळकाच्या जोडीने कारभार बघतात. ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते, ज्यांच्या सोसायटीला चेअरमन आहे त्यांना सांगायला नको. नाना एकदा वडील म्हणून निवडून आला आणि पुन्हा त्याला हटवायची कुणाची छाती झाली नाही. बिल्ल्यांची पेटी त्याच्या ताब्यात गेली.

या बिल्ल्यांचं सांगते. दर तीन महिन्यांनी आमच्यात प्रभुभोजन असतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. पण भोजन सगळ्यांना नाही. आदल्या शुक्रवारी वडिलाने घरोघर जायचं, प्रश्न विचारायचे, मनात काही पाप-बीप आहे का ते तपासायचं आणि पास झालेल्याला शिशाचा एक बिल्ला द्यायचा. रविवारी दारात बिल्ला जमा करायचा, तरच भोजनाला बसायचं. पहिल्या साहेबाने हे बिल्ले पेटी भरून आपल्या देशातून आणले होते. त्याच्या देशात म्हणे ही पद्धत केव्हाच बंद पडली. आमच्याकडे साहेब गेला, घोडा गेला, साहेबाच्या बंगल्यावर मंगल कार्यालय उभं राहिलं, पण बिल्ले राहिले. कारण आमच्याकडे नाना होता.

बिल्ला लांबट गोल, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा. त्यावर बायबलमधल्या जळत्या झुडपाचं चित्र होतं. इतक्या हातांतून झिजून त्या झुडपाचा पार फ्लॉवर झाला होता. लहानपणी मला खरंच वाटायचं की आपण फ्लॉवरची पूजा करणारी माणसं आहोत.

एकदा पुण्याहून एक मोठे रेव्हरंड आले. भोजन चालवायला त्यांनाच बोलावलं होतं. पांढरा झगा, सोनेरी चष्मा, हातात चामडी वेष्टनाचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. दारात टकटक झाली. "बिल्ला शे का?" रेव्हरंडांना वाटलं म्हातारा काही मागतोय, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. नाना म्हणाला, "आशीर्वाद ऱ्हाऊ द्या. बिल्ला?" शेवटी आमच्या पाळकांनी हातापाया पडून तोड काढली. रेव्हरंडांनी भोजन चालवायचं, पण स्वतः खायचं नाही! त्या थोर माणसाने सगळ्या मंडळीला वाढलं आणि उपाशी पोटी पुण्याची गाडी धरली. ड्रायव्हरला तिकीट लागत नाही, एवढी अक्कल तरी कंडक्टरला असायला हवी होती.

चर्चच्या वर्धापनदिनाला नाना उभा राहून इतिहास सांगायचा. म्हणजे पाळकांची नावं ओळीने घ्यायचा, कुसुंबा, नेर, शेवाळी, साक्री असे थांबे घ्यावेत तशी. मध्ये एखादा पाळक भानगडी करून गेलेला असला की नाव न घेता "विनाथांबा" एवढंच म्हणायचा आणि गाडी पुढे. लोक हसायचे. मीही हसायची. आमच्या घराशी ही गाडी थांबायची होती, तोवर.

माझी आई साक्रीकडच्या शेतकरी घरातली. आजारी मावशीच्या सोबतीला म्हणून धुळ्याच्या दवाखान्यात आली, तिथे पप्पा कंपाउंडर होते. जमलं. आईने बाप्तिस्मा घेतला, लग्न केलं आणि माहेर तुटलं. किती तुटलं म्हणाल, तर स्वतःचे वडील गेल्याचं तिला तेराव्यानंतर, गावाकडच्या एका भाजीवालीकडून कळलं. पुढची कितीतरी वर्षं तशीच. मग एका श्रावणात तिचा भाऊ, माझा मामा, मोटरसायकल घेऊन दारात उभा राहिला. आत काही आला नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "कानबाई बसाडेल शे. चाल."

खानदेशात श्रावणात घरोघर कानबाई बसते आणि तिच्या नैवेद्याला गव्हाचे रोट करतात. हे रोट घराबाहेर देत नाहीत. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, खुद्द जावयाला नाही. ज्या कुळाचे रोट त्याच कुळाने खायचे. लग्न झालेली मुलगी सासरचे खाते. माझ्या आईच्या सासरी रोट कुठले? मामाने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाला, "तुना सासरले रोट नहीत. मंग तुना वाटा आठेच." आईने खाल्ला. मामी सांगते, रडत खाल्ला. आई म्हणते, चुलीचा धूर होता. मामाकडे तेव्हा गॅस आलेला होता, हे मी तिला अजून बोलून दाखवलेलं नाही.

आणि त्याच आठवड्यात नेमका नानाचा शुक्रवार आला.

नाना आमच्याकडे यायचा तेव्हा ठरलेल्या पत्र्याच्या खुर्चीत बसायचा. भिंतीवरचं कापड दुकानाचं गणपतीचं कॅलेंडर उठून उलटं करायचा, गेल्यावर पप्पा सुलटं करायचे. चहा बशीत ओतून फुर्र करायचा. मग पिशवीतून बिल्ले काढून टेबलावर मांडायचा आणि विचारायचा, "मांगला भोजनपाईन काही लपाडेल शे का?" मागच्या भोजनापासून काही लपवून ठेवलंय का. यावर गल्लीतलं प्रत्येक घर एका सुरात "काही नाही नाना" म्हणायचं. त्यात देशी दारू पिणारे होते, सुनेला छळणारे होते, भावाच्या घरात पाय न टाकणारे होते. सगळे पास.

आई म्हणाली, "लपाडेल काही नही. कानबाईना रोट खादा. भाऊना हातना."

पप्पांनी टेबलाखालून तिला पाय मारला, तो लागला टेबलाला. चहा सांडला. नानाने आधी बिल्ले उचलून धरले, मग विचारलं, "मूर्तीपुढला?"

"भाऊना हातना."

"मूर्तीपुढला का नही?"

"व्हय," आई म्हणाली.

आता यात फार काही नव्हतं हो. असं काही झालं तर एक भोजन चुकवायचं, वडिलांच्या सभेपुढे उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं आणि पुढच्या वेळी बिल्ला परत घ्यायचा. पाच मिनिटांचं काम. भलेभले मान खाली घालून चुकलं म्हणून गेले आणि बाहेर येऊन पुन्हा तेच करायला लागले. पण आईने विचारलं, "भाऊनी बलावं ते चुकनं, का मी गयी ते चुकनं?"

"रोट खादा ते."

"मंग मी नही म्हनत."

नानाने सभेची वही काढली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, 'चूक कबूल नाही.' आईचा बिल्ला उचलून पिशवीत टाकला. जाताना कॅलेंडर पुन्हा एकदा नीट उलटं केलं.

आईला एकोणीस वर्षांनी एका घराने आत घेतलं, तर चौथ्या दिवशी दुसऱ्याने बाहेर काढलं. तेही कुणी? दसऱ्याला डेपोत गाडीला हार घालून फोडलेल्या नारळाचं खोबरं चवीने खाणाऱ्या माणसाने! मी तेव्हा बारावीत होते, जीभ नुकती धारेला लावलेली. पुढच्या खेपेला मी ते त्याच्या तोंडावर म्हटलं. नानाने बशीतला चहा संपवला. मग गंभीरपणे म्हणाला, "ते सरकारी खोबरं शे."

माझं डोकं फिरलं. मी माझा बिल्ला उचलला आणि मोरीत भिरकावला. पप्पा "अगं, अगं" करत राहिले. नाना उठला, धोतर नसताना धोतर सावरल्यासारखी पँट वर ओढली, मोरीत उकिडवा बसला आणि जाळीत बोटं घालून बिल्ला काढला. राखेने घासला, रुमालाने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. "हरायले नको पोरी. मोजेल शेतस." माणूस हरवला तर चालेल, बिल्ला हरवता कामा नये. त्या दिवसापासून मी या माणसाला मनातून अरेतुरे करायला लागले.

नऊ वर्षं. वर्षातून चार वेळा. पत्र्याची खुर्ची, बशीतला चहा आणि 'माझं चुकलं' म्हणतेस का, हाच प्रश्न, "मनं चुकनं, म्हनस का अक्का?" आई म्हणायची, "चहा ल्या नाना." नाना चहा घ्यायचा. पप्पांचा बिल्ला, माझा बिल्ला टेबलावर ठेवायचा आणि आईचा उचलून परत पिशवीत टाकायचा. तिचा बिल्ला तो दर वेळी न चुकता आणायचा. द्यायचा नव्हता तर आणायचा कशाला, मेल्याने? पण आणायचा, मांडायचा, विचारायचा आणि घेऊन जायचा.

रविवारी चर्चमध्ये शेवटचा बाक बिनबिल्ल्यावाल्यांचा. तिथे लहान मुलं, एखादा शिक्षा झालेला दारुडा आणि माझी आई. भोजनाची ताटली पुढच्या बाकांवरून फिरायची तेव्हा आई मुलांना शेंगदाणे वाटून गप्प ठेवायची. दारुडे बदलत गेले, मुलं मोठी होऊन पुढच्या बाकांवर गेली. आई तिथेच. नुसतं एकदा चुकलं म्हण, मी तिला किती वेळा सांगितलं. "तुझं काय जातं? तोंडानेच म्हणायचंय." आई रागावली की अहिराणीत शिरते. "तोंडनीच भाऊनं खादं ना? मंग तोंडनीच कशी नाकारू?"

पप्पा गेले तेव्हा नाना तीन दिवस आमच्याकडे दोन वेळचं पोचवत होता. स्वतः करायचा. खिचडी खारट, वरण त्याहून खारट. दफनाच्या वेळी खड्ड्यात उतरून त्याने तळ हाताने सारखा केला, खडे वेचून बाहेर टाकले, तेव्हा माझा राग थोडा उतरला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी हा पुन्हा दारात! टेबलावर आता दोनच बिल्ले. "मनं चुकनं, म्हनस का अक्का?" आईच्या डोळ्याचं पाणी सुकलं नव्हतं. मी त्याला हाकलायला उठले, तर आईने माझा हात धरला आणि म्हणाली, "चहा ल्या नाना."

मग तरुण पाळक आले. गिटार वाजवणारे. पहिल्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं, देवाच्या मेजाला तिकीट नसतं, बिल्ले बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी उभा जन्म नानापुढे शेपूट घातली त्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. पेटी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं. वही तेवढी कुणी मागितली नाही, ती नानाकडेच राहिली. पुढच्या भोजनाला नाना सवयीने दारात स्टुलावर येऊन बसला. माणसं आत जात होती. त्याचा हात चौकटीकडे जायचा, थांबायचा आणि मांडीवर परत यायचा. मी त्याच्यासमोरून मुद्दाम हळू चालत गेले. वाईट वागले, पण मला फार बरं वाटलं.

आई मात्र शेवटच्याच बाकावर. ताटली आता मागेपर्यंत येत होती. आली. आईने ती न घेता पुढे दिली.

घरी आल्यावर मी भांडलेच. "आता कोण अडवतंय तुला?"

"दार उघडं शे म्हनीसन कुत्रंबी घुसस," आई म्हणाली. "माले ज्यानी काढं, त्यानीच बलावाले जोयजे."

म्हणजे नानानेच बोलवायला हवं. घ्या! त्याच्या डोक्यात एसटी, हिच्या डोक्यात त्याहून मोठी एसटी. आणि नानाही तसाच. बिल्ले कुलपात, पिशवी रिकामी, तरी शुक्रवार आला की हा आमच्या खुर्चीत. टेबलावर मांडायला काही नाही, तरी विचारणार. दोन वर्षं असंही चाललं. नाना सत्तरीपलीकडे, आई साठीकडे, आणि एक शब्द कुणी मागे घेईना.

गेल्या श्रावणात नाना न्हाणीत पडला. खुबा मोडला. पिंपळनेरहून त्याचा पुतण्या बायकोला घेऊन येऊन राहिला. म्हाताऱ्याने अन्न सोडलंय, दोन घोट दुधावर आहे, असं गल्लीत कळलं. पुढच्या रविवारी भोजन होतं. आई माहेरी कानबाईला गेली होती, मी जळगावहून रजा घेऊन घरी आले होते. मंगळवारी परत आली, पिशवी खाली ठेवली नाही, मला म्हणाली, "चाल."

नानाची खोली दोन गल्ल्या पलीकडे. लोखंडी खाट, खिळ्यावर खाकी कोट, उशाशी पवित्र शास्त्र आणि त्यावर सभेची वही. नाना गादीला चिकटला होता. आईने पुतण्याच्या बायकोकडून वाटीत दूध मागून घेतलं. पिशवीतून फडक्यातली पुरचुंडी काढली, सोडली, आणि मी बघतच राहिले.

"आई, रोट घराबाहेर देत नाहीत ना?"

"माहीत शे माले."

तिने तुकडा मोडला, दुधात बुडवला. नानाने डोळे उघडले. "कसाना शे?"

"कानबाईना रोट. भाऊना हातना."

अकरा वर्षांपूर्वी टेबलाशी उच्चारलेले तेच शब्द. नानाने माझ्याकडे पाहिलं, मग उशाशी पाहिलं. आईचा हात त्याच्या तोंडापाशी तसाच. मला वाटलं, आता हा थुंकणार. थुंकला असता तर मी तिथल्या तिथे त्याची शोभा केली असती, आजारी-बिजारी पाहिलं नसतं.

नानाने तोंड उघडलं.

दात नव्हते. बराच वेळ तो तुकडा तोंडात घोळवत राहिला. गिळला. दुसरा तुकडा त्याने स्वतःच्या हाताने घेतला. आईने पदराने त्याची हनुवटी पुसली आणि सावकाश विचारलं, "मनं चुकनं, म्हनतस का नाना?"

पुतण्याच्या बायकोला काहीच कळत नव्हतं, ती बिचारी वाटी धरून उभी.

"नही," नाना म्हणाला.

मग माझ्याकडे बोट केलं. "पोरी, वही काढ. लिख." मी वही काढली. त्याने आधी तारीख सांगितली, मग स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. "कानबाईचा रोट खाल्ला. विचारण्यात आले. चूक कबूल नाही." वहीसाठी तो शुद्ध बोलायचा. मी लिहिलं. वाचून दाखव म्हणाला, दाखवलं. लिहिण्यासाठी पान शोधताना मागची पानं डोळ्याखालून गेली होती. दर तीन महिन्यांनी आईचं नाव, 'चूक कबूल नाही', आणि त्याच्याआधी प्रत्येक वेळी एक शब्द, 'हजर'. बिल्ले बंद झाल्यावरच्या दोन वर्षांतसुद्धा. इतकं कुणी कुणाची वाट बघतं का हो?

नानाने डोळे मिटले. "आते माले बी बिल्ला नही," म्हणाला. जरा वेळाने एक डोळा उघडून आईला विचारलं, "आखो शे का?" आईने आणखी एक तुकडा मोडला.

शुक्रवारी सकाळी नाना गेले. शुक्रवारी! बिल्ले वाटायच्या दिवशी. दफनाच्या वेळी तरुण पाळक गिटार बाजूला ठेवून म्हणाले, आपले नाना निष्कलंक जीवन जगले. आईने मला कोपर मारलं. "निष्कलंक नही. वहीमा लिखेल शे."

संध्याकाळी तिने मामाला फोन लावला आणि रोट बाहेर दिल्याचं आपण होऊन सांगितलं. तिला लपवता येत नाही, हा तिचा जुना आजार आहे. मामाने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "मानूस कसा व्हता?"

"चांगला नव्हता," आई म्हणाली.

"मंग दिधा काबर?"

मग दिला कशाला, एवढं विचारून मामाने फोन ठेवला. यंदा कानबाईचं बोलावणं येतं की नाही, ते अजून कळायचंय. आई श्रावणाचे दिवस मोजतेय आणि मोजत नसल्याचं सोंग करतेय.

चिटणीसांना मी वहीतलं ते शेवटचं पान स्मरणिकेत छापा म्हटलं, तर ते चपापले. "ताई, वडिलाच्या नावापुढे असं? मंडळीची शोभा होईल. नानांचा एक चांगलासा फोटो टाकू ना." टाका. बूट चावणाऱ्यांच्या ओळीत आणखी एक. मला गोड इतिहास लिहायला सांगितला होता, मी हा लिहिला. नाही छापला तरी माझं काही अडत नाही.

नाना गेल्यावर तिसऱ्याच दिवशी तो भोजनाचा रविवार होता. चर्चकडे जाताना मी आईला विचारलं, "आज तरी घेणार का? बोलावलं तर नाहीच त्यांनी तुला."

"त्यासनी मनं खादं," आई म्हणाली. "आते मी त्यासनं खासू."

दारात नानांचं स्टूल तसंच होतं. त्यावर कुणीतरी ओल्या छत्र्या ठेवल्या होत्या. आईने त्या उचलून भिंतीला टेकवल्या. लोक आमच्या बाजूने आत चालले होते, ती उभीच राहिली. मग तिने चौकटीवर नखाने दोनदा टकटक केलं, क्षणभर थांबली आणि आत गेली. शेवटच्या बाकाकडे वळलीही नाही. तिसऱ्या बाकावर, पप्पांच्या जागी जाऊन बसली.

ताटली आली. अकरा वर्षांनी खाणारं माणूस, मला वाटलं, डोळे मिटेल, हळूहळू खाईल. तिने तुकडा एका घासात संपवला आणि ताटली माझ्याकडे सरकवली.